उशाकडची बाजू

मरणाआधी मार्थाबाईंनी लेकीकडून एकच वचन घेतलं होतं. "माह्या मातीवर दगड नोको ठेवजो, रिबेका. प्रभू हाक मारन, तवा उठाचं हाय मले."

माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करणारी रिबेका हसून हो म्हणाली. आई गेल्यावर वर्षभरात तिने पिपरी मेघे गावाजवळच्या तिच्या कबरीवर दफनभूमीतला सर्वांत जाड ग्रॅनाइट बसवला. चर्चमधली मंडळी बघत राहिली, तेव्हा तिला बरं वाटलं.

ईस्टरच्या आदल्या दुपारी ती कबर धुवायला गेली, तर दगडाची उशाकडची बाजू बोटभर वर आलेली. तिने प्रेमदास गवंड्याला बोलावलं.

"काळी माती हाय, मॅडम. फुगली असन."

"पावसात फुगते. उन्हाळ्यात आकसते." आजूबाजूच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"मंग तुमीच सांगा काऊन उचलला तं. तुमी शिकलेल्या!" प्रेमदासने हसत दगडावर लेव्हल पट्टी ठेवली. तिच्यातला बुडबुडा उंच बाजूला, उशाकडे गेला. "उशाकडं बसा बरं जरा. वजनानं दबते का पाहू."

तापलेल्या दगडावर ओढणी टाकून ती बसली. पावलं मातीवर टेकवली. पट्टीतला बुडबुडा मधोमध आला.

"दबला, पाहा!"

मग बुडबुडा सावकाश तिच्या बाजूला सरकू लागला.

"हलू नोका, मॅडम."

"मी हलले नाही."

प्रेमदासचं हसू मावळलं. रिबेकाने खाली पाहिलं. तिच्या टाचा मातीवरून सुटल्या होत्या.

तिला उठून पळावंसं वाटलं. पण ती उठली, तर दगडावर तिचं वजनही राहणार नव्हतं.