मोठ्या लेथचा आवाज

लोखंड कातायच्या जुन्या लेथवर पंपाचे लांब शाफ्ट बसत नव्हते. म्हणून दुकानाची चौकट उखडून टर्नरने मोठं, वापरलेलं लेथ मशीन आत घेतलं. मुलगी देवाघरी गेल्यापासून पहिल्यांदाच तो खुशीत दिसत होता.

मशीन सुरू झालं आणि चहा घेऊन आलेल्या बायकोने कान टवकारले. त्या घरघरीच्या तळाशी मुलीचा आवाज होता. ‘‘बाबा, चला ना.’’ त्याला जेवायला बोलवायची, अगदी तसाच.

‘‘काही ऐकू येतंय का हो?’’ तिने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

मशीनवर उभं राहून त्याचे कान केव्हाच गेले होते. ‘‘तुझी बोलणी ऐकू येत नाहीत, आणखी काय येणार?’’ तो हसला.

पोर यांना कुठे बोलावतेय, या धास्तीने ‘हे विकून टाका’ असं रोज तिच्या ओठांवर यायचं. पण विकलं तर पोर पुन्हा जाईल, म्हणून ती काहीतरी निमित्त काढून दुकानात येऊन बसायची.

आज भरदुपारी वीज गेली. मशीन मंदावत थांबलं. तिने जिवाचा कान केला, पण आता काहीच नव्हतं.

टर्नरने मात्र मान वळवली. चिंधीला हात पुसले आणि मशीनमागच्या भिंतीकडे बघत तो मायेने म्हणाला, ‘‘आलो गं. किती हाका मारशील?’’