अंतिम फेरीची बातमी

जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन संग्रह कसा वापरायचा, ते इतिहास शिकवणाऱ्या लेकीला उद्या वर्गात दाखवायचं होतं. नमुना म्हणून तिने बाबांच्या कॉलेजातली बुद्धिबळ स्पर्धा शोधायला घेतली. "अंतिम फेरीत मीच बाजी मारली," ही त्यांची फुशारकी ती लहानपणापासून ऐकत आली होती.

आज मात्र बाबा चुळबुळत म्हणाले, "कशाला उगाच? इतकं जुनं काही सापडायचं नाही."

कॉलेजचं नाव आणि वर्ष टाकताच पान उघडलं. फोटोत करंडक घेऊन उभी होती दोन वेण्यांतली आई, आणि शेजारी पडलेल्या चेहऱ्याचे उपविजेते बाबा!

लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. "आई, तू जिंकलीस? आणि इतकी वर्षं गप्प?"

"अगं, सांगताना किती खुलायचे ते! मी कशाला मध्ये बोलू?" म्हणत आई चहा टाकायला गेली.

बाबा पडद्यावरच्या फोटोकडे झुकले. मग हळूच लेकीच्या कानाशी लागले.



"हा जरा मोठा छापून देशील का गं? माझ्या पाकिटातलं कात्रण पार विरलंय."