पन्नासच्या रस्त्यावर त्रेपन्न

तीस वर्षं गाडी चालवली, पण आजीबाईंनी दंडाचा कागद दारात येऊ दिला नव्हता. म्हणून लेकाने दंडाचं पाकीट पुढे केलं तेव्हा त्या फणकारल्याच.

"पन्नासच्या रस्त्यावर त्रेपन्नने गेले, तर कुणाचं काय वाकडं झालं?"

"आई, कोण चालवत होतं ते लिहून द्यायचंय. झेपत नसेल तर किल्ली दे. पोरीला पोहायला मी सोडीन."

"मीच चालवत होते! दुसरं कोण चालवणार?"

लेकाने दंडासोबत आलेला, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो सरकवला. स्टिअरिंगवर राखाडी टोपीतला अनोळखी माणूस होता. शेजारी नात खिदळत होती. मागच्या सीटवर आजीबाई स्वतः होत्या, मान टाकून, डोळे मिटून.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या दिवशी गाडीत दोघीच तर होत्या.

फोटो घेऊन त्या तडक नातीच्या खोलीत गेल्या. "चिमणे, हा कोण गं?"

"हा होय?" चित्र रंगवता रंगवता पोर म्हणाली. "तू मागे जाऊन बसलीस की हाच चालवतो. रोज."

"मी कधी गं मागे बसले?"

पोरीने मान वर केली, आजीच्या खांद्यामागे पाहिलं आणि विचारलं, "सांगू का हिला?"