घुमटाची भिंत

भिंतींना कान असतात म्हणे. या घुमटाच्या भिंतीला तोंडही होतं. इकडे पुटपुटलेलं शंभर फुटांवर, समोरच्या भिंतीशी स्पष्ट ऐकू यायचं. गाईडबाई ही गंमत अगदी शेवटी सांगायच्या.

आज त्याआधीच बहीण-भाऊ म्हाताऱ्या वडिलांना गाईडबाईंजवळच्या बाकावर बसवून समोर गेले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"दादा, रिपोर्ट वाईट आलाय रे. बाबांना पत्ता लागू द्यायचा नाही हं."

बाकामागची भिंत ते जसंच्या तसं बोलली. आजोबांना उठवायला गाईडबाईंनी घाईने त्यांचा हात धरला.

आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

 

"ऐकू द्या हो बाई," ते हळूच म्हणाले, "घरी कुणी सांगत नाही, म्हणून तर हट्टाने इथे आणलं दोघांना."