बांधावरचा सदरा

ऊन चढायच्या आत मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती तोडून होत आली होती. योगिनी बांधावर डोकं झाकून बसली होती. तिला लुपस होता. शरीर स्वतःवरच उलटतं असा आजार, त्यात ऊन सोसत नाही. शिवाय गरोदरपणाचा दहावा आठवडा चालू होता.

तिची आई, सविताबाई, साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवून सरीत वाकली होती. तोडणीच्या सगळ्याच बायका तसा सदरा घालत आणि काम उरकलं की बांधावर काढून ठेवत. आई तो घरापर्यंत काढत नसे. "सवूला गोरं राहायचंय," अशी थट्टा व्हायची. लालसर गालांनी आईही हसायची.

योगिनीने तिला पुन्हा समजावलं. आजार वर्षभर शांत होता, गोळ्या चालू होत्या, रक्तदाब आणि लघवी वरचेवर तपासणार होते. हर्षल, तिचा नवरा, सोबत होता.

आईने ऐकून घेतलं. सुजल्या बोटांनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं. बोटांचं विचारलं की ती वात म्हणायची.

"नको ठिवू, योगे. दत्तक घे एखादं."

"मी ठेवणार आहे."

"किडन्या जात्यात त्याच्यात."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

आईने डबा पुढे सरकवला. "खाऊन घे. उपाशीपोटी ती गोळी मळमळती."

दुसऱ्या दिवशी त्याच सरीत आई कोसळली, ती उठलीच नाही.

तेराव्यानंतर योगिनीने आईची पेटी आवरली. सोमवारी तोच सदरा अंगात घालून ती द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात एकटी गेली.

मूल ठेवायचं नक्की का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी जुनी माहिती वाचून दाखवली: घरात आणखी कुणाला हा आजार नाही. पहिल्या खेपेला शेजारी बसून आईनेच तसं सांगितलं होतं.

योगिनीने पेटीत सापडलेला पिवळा पडलेला कागद टेबलावर उलगडला.

"आईला होता," ती म्हणाली. "तिलाही दहाव्या आठवड्यात पाडायला सांगितलं होतं. ही तिची सही, नाही म्हणून. पोटात मी होते."