घोडेस्वारांना हलगी

पडद्यावर घोडेस्वार उधळले आणि जयमाला मॅडमचा पाय ठेका धरू लागला. लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच किळस आली. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

मूकपट अमेरिकेतला, शंभर वर्षांहून जुना. संगीत मागाहून कुणीतरी चढवलेलं. सिनेमा कसा रचावा याचा धडा म्हणून जगभर नावाजलेला, आणि त्यात गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळी माणसं रंगवलेली. ती सगळी चोर, आळशी, बायकांवर टपलेली. त्यांना अद्दल घडवायला निघालेले बुरखेवाले गोरे घोडेस्वार, ते म्हणे नायक. संगमनेरच्या कॉलेजातल्या चित्रपट मंडळाला तो मुलांना दाखवायचा होता. दाखवावा की नाही, हे ठरवायचं लचांड समितीप्रमुख म्हणून जयमाला मॅडमच्या गळ्यात पडलं होतं.

सिनेमा संपला तसा त्यांनी मंडळाच्या अर्जावर ‘नाही’ असं लिहिलं.

वाल्मिक सरांचा चेहरा पडला. मंडळ चालवणारे हे राहात्याचे तरुण प्राध्यापक, सिनेमा म्हटलं की तहानभूक विसरणारे.

“मॅडम, विषय वाईट हाय, मान्य. पन पाठलाग कसला घेतलाय बघा की.” मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. “आन हे संगीत काढून टाकू आपन. घोडी निघाली की थेट हलगी. लई उठाव येईल. तुमच्या पाव्हण्यांत असंलच की कुनी हलगीवालं.”

बोलण्यात कपट नावालाही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. बावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली, तरी हलगी काही पाठ सोडत नव्हती.

“सर, माझे आजोबा कचरू हलगी वाजवायचे,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “गावानं लावून दिलेलं कामच होतं ते. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि हलगी कायमची खाली ठेवली. पाटलांनी विचारलं, आता आमच्या मिरवणुकीत वाजवायचं कुणी? आजोबा म्हणाले, ज्याची मिरवणूक त्यानं वाजवावी.”

वाल्मिक सर पार ओशाळले. “मॅडम, माझ्या मनात तसं काई...”

“ठाऊक आहे. म्हणून तर सांगितलं.” उठून जायचं मॅडमच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या बसून राहिल्या. “तो पाठलाग परत लावा. आवाज बंद करून.”

सरांनी लावला. खोलीत फक्त पंख्याची कुरकुर. घोडी धावत होती, पण टाप नाही की ताशा नाही. कानांना काही काम उरलं नाही, तेव्हा डोळे पडद्यावर इकडेतिकडे फिरू लागले. घोड्यांच्या पुढे एक माणूस पळत होता. कुंपणाला अडखळून पडला, उठला. मागे वळून बघितलं आणि पुन्हा पळाला. घामानं त्याच्या गालावरचा काळा रंग ओघळला होता. वाल्मिक सर खुर्चीच्या कडेवर आले. पाठलाग संपला तरी त्यांना दिवा लावायचं सुचलं नाही.

“मॅडम, हा मानूस मला दिसलाच नव्हता.” ते अजून पडद्याकडेच बघत होते. “आजवर तीनदा बघितला हा सिनेमा. तिन्ही टायमाला मी घोड्यावरच हुतो.”

आपणही तिथंच होतो, हे मॅडमना माहीत होतं. असं कबूल करायचं धाडस मात्र या माणसानं केलं, याचं त्यांना फार बरं वाटलं.

“तुमचंच बरुबर हाय,” सर म्हणाले. “न्हाई दाखवायचा. फाडून टाका अर्ज.”

मॅडमनी अर्ज पुढ्यात ओढला. ‘नाही’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं: ‘दाखवावा. पाठलाग दोनदा. एकदा संगीतासकट, एकदा आवाज बंद करून.’ खाली सही केली.

सर गोंधळले. “मॅडम, आत्ता तर तुमी नको म्हनत हुता. सिनेमा तर त्योच हाय.”

“सिनेमा तोच आहे, सर,” मॅडम अर्ज त्यांच्या हातात देत म्हणाल्या. “दाखवणारा माणूस मिळत नव्हता. तो आत्ता मिळाला.”