कडीच्या जागी

"दाराची आतली कडी राहू द्या ना बाबा," हर्षा म्हणाली.

"ते काढल्याबिगर कुलूप बसत नाई, ताई," अंकुर म्हणाला. अमरावतीत तो घरोघरी असली फोनवर चालणारी कुलपं बसवायचा. कडी होती तिथेच त्याने भोक पाडलं.

अकोल्याहून माहेरी येऊन हर्षाला तीन आठवडे झाले होते. मनगटाचं प्लास्टर अजून निघालं नव्हतं. नवरा, देवानंद, रोज फोन करून धमकावायचा, "घरात घुसून नेईन." जावई दहावा ग्रह म्हणतात, हा तर उरलेल्या नऊंना पुरून उरला.

हर्षाच्या वडिलांना, गोवर्धनला, आता त्याचं नावही घरात नको होतं. लग्नात दाराशेजारच्या भिंतीवर पेंटरने रंगवलेलं 'शुभविवाह, हर्षा आणि देवानंद' त्याने स्वतः चुना मारून पुसलं होतं.

"कुलपाचा नंबर कोनता टाकू, काकाजी?" अंकुरने विचारलं. " लग्नाची तारीख नोका ठेवू. कोनीबी वयखते."

"मले येडा समजतं काय? भातकुलीच्या वावरातली विहीर खंदली ते साल टाक. मलेच ठाऊक हाये."

"अन् फोन द्या. गावाले गेले तरी बसमधूनबी दार लावता येते, उघडता येते." अंकुरने गोवर्धनचा दिवाळीत आलेला फोन हातात घेतला. "मेल आयडी नवा काढू?"

"जो आतमंदी हाये तोच टाक. नवं काही माह्या ध्यानात राह्यत नाई."

दुसऱ्या दिवशी तिवस्याला हर्षाच्या आईच्या, माणिकबाईच्या, भावाची तेरवी होती. हर्षाला नेलं नाही. प्लास्टर पाहून माणसं विचारत बसली असती.

"कोनीबी आलं तरी दार उघडू नको," माणिकबाई निघताना म्हणाली.

"मी कावून उघडन, आई?"

बस सुटल्यावर गोवर्धनने फोनवर बोट टेकवलं. 'दार बंद.'

"पाह्य," तो बायकोला म्हणाला, "आता कोनाची हिंमत नाई." तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा नीट डोळा लागला.

इकडे गल्लीच्या तोंडाशी देवानंदच्या खिशात फोन वाजला. दिवाळीत सासऱ्याला नवा फोन दिला, तेव्हा मेल आयडीही त्यानेच काढून दिला होता; पासवर्ड त्याला ठाऊक होता. काल कुलपाच्या कंपनीचा मेल त्याच्याकडेही आला आणि त्याच आयडीवर ॲप त्याने लगेच उतरवून घेतलं. आता पडद्यावर लिहिलं होतं, 'दार बंद.' त्याच्याखाली बटण होतं, 'उघडा.'